पाडव्याच्या आत घरी: नाशिकच्या एका कुटुंबानं लांबची सहल कशी निवडली

२०२४ ची भाऊबीज होऊन चार-पाच दिवस झाले असतील. गंगापूर रोडवरच्या एका घरात मी वही उघडून बसले होते. नाशिकमधल्या कुटुंबांना परदेश सहलींची आखणी करून देणं हे माझं काम. बहुतेक लोक ठिकाण ठरवूनच येतात आणि मग त्या ठिकाणात आपली सुट्टी कशीबशी कोंबायची असते. या घरात ठिकाण सगळ्यात शेवटी ठरलं, म्हणून हे प्रकरण सविस्तर लिहिते आहे.

घरात माणसं पाच. दादांची पिंपळगाव बसवंतजवळ द्राक्षबाग, माल बहुतेक निर्यातीचा. वहिनी पतसंस्थेत नोकरीला. थोरला नववीत, धाकटी दुसरीत, दोघंही सीबीएसईच्या शाळेत. आणि ६८ वर्षांच्या आजी. त्यांचा मधुमेह गोळ्यांवर आटोक्यात, पण डावा गुडघा दुखरा. जिना उतरताना कुणाचा तरी हात लागतो.

प्रत्येकाच्या मनात वेगळा देश होता. वहिनींना लग्नापासून स्वित्झर्लंड बघायचं होतं. दादांनाही युरोपच हवा होता, पण नेदरलँड्समधल्या रॉटरडॅमसाठी. आपल्या बागेतली पेटी न्हावा शेवाहून निघून ज्या बंदरात उतरते ते बंदर एकदा डोळ्यांनी बघायचं, एवढीच त्यांची इच्छा. थोरल्याला जपान आणि तिथल्या रेल्वेगाड्या. धाकटीला सिंह. आजी सगळ्यांचं ऐकून घेऊन म्हणाल्या, "मला कुठंही न्या. पाडव्याला गुढी आपल्याच दारात उभी राहिली पाहिजे."

सगळ्यात उपयोगी वाक्य हेच होतं. बाकीच्यांनी देश सांगितले, आजींनी तारीख सांगितली.

सुट्टी मार्चमध्येच का?

मे महिन्याची मोठी सुट्टी असताना मार्चच्या अखेरची छोटी सुट्टी का घ्यायची, हा प्रश्न मी पहिल्यांदा विचारला. उत्तर बागेत होतं. द्राक्षाला आपल्याकडे वर्षातून दोन छाटण्या: एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि ऑक्टोबरच्या सुमारास, फळासाठीची गोडी छाटणी. खरड छाटणीनंतर मे महिनाभर फुटींची विरळणी, काड्या तयार करणं चालू असतं. पुढच्या हंगामाचा माल त्याच काड्यांवर यायचा असतो, त्यामुळे तेव्हा मालक बागेतून हलत नाही. दादांच्या शेवटच्या प्लॉटची गोडी छाटणी २५ ऑक्टोबरला झाली होती. साधारण साडेचार महिने धरले तर त्या प्लॉटची काढणी मार्चच्या मध्याला संपणार. मध्याच्या मार्चपासून एप्रिलच्या छाटणीपर्यंत जी सवड मिळते, तेवढीच द्राक्षवाल्याची सुट्टी.

शाळेचं गणित त्यात बसत होतं. निकाल २० मार्चला, गुरुवारी. नवं सत्र १ एप्रिलला, मंगळवारी. थोरला दहावीत जाणार, म्हणजे पुढची निदान एक-दोन वर्षं लांबच्या प्रवासाचं नाव काढायला नको. आणि २०२५ चा पाडवा ३० मार्चला, रविवारी.

म्हणजे कॅलेंडरवर १२ दिवस दिसतात, २० ते ३१ मार्च. मी त्यांच्यासमोरच एकेक दिवस खोडत गेले. पाडवा घरी, म्हणून ३० आणि ३१ गेले. २९ तारीख घरी पोचून बॅगा सोडायची, आजींच्या विश्रांतीची आणि गुढीच्या तयारीची. २० आणि २१ जाण्यात, २८ येण्यात. उरले २२ ते २७, पूर्ण हातात असलेले सहा दिवस. थोरला म्हणाला, "एवढेच?" एवढेच. पण मला तिथंच बरं वाटलं, कारण आता चर्चा खऱ्या आकड्यावर येणार होती.

नाशिककराला यात आणखी एक वजाबाकी असते. ओझरहून परदेशी विमान नाही. मुंबईचा विमानतळ पावणेदोनशे किलोमीटरवर. तेव्हा समृद्धीचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा खुला झाला नव्हता (तो ५ जून २०२५ ला झाला), म्हणजे कसारा घाट उतरायचा आणि पुढं भिवंडी बायपासच्या रुंदीकरणात अडकायचं. चार तासांचा रस्ता मी तेव्हा सहा तासांचा धरायचे. मुंबईचा माणूस रात्रीच्या विमानासाठी संध्याकाळी जेवून निघतो, आपण दुपारच्या जेवणानंतर निघतो. आजींसाठी प्रवास गंगापूर रोडलाच सुरू होणार होता, हे मला विमान निवडतानाही लक्षात ठेवावं लागलं.

चार देश, एकच आठवडा

युरोपला दोन मतं होती, आणि दिवसांच्या हिशेबात तो खरं तर पुढं होता. गुरुवारी रात्री निघालं की शुक्रवारी सकाळी उतरता येतं, म्हणजे एक दिवस जास्त. पण मी वहिनींना विचारलं, "स्वित्झर्लंड म्हटल्यावर डोळ्यांसमोर काय येतं?" हिरवं कुरण, गाईंच्या गळ्यातल्या घंटा, तळ्यातली बोट, खिडक्यांत फुलं. ते सगळं जून-जुलैचं चित्र आहे. मार्चच्या शेवटी उंचावर बर्फ असतं आणि लोक स्कीइंग करत असतात. खालच्या कुरणांना नुकती कुठं जाग येत असते. फुर्का, ग्रिमझेल यांसारख्या उंच खिंडींचे रस्ते बंद असतात, तळ्यांवरच्या बोटींच्या फेऱ्या मोजक्या असतात. युंगफ्राउयोखला, ३,४५४ मीटरवर, रेल्वेनं जाता येतं. पण आयुष्यात एकदाच जाणाऱ्या बाईनं आपल्या मनातला देश मिटलेल्या अवस्थेत का बघावा?

दुसरा मुद्दा बॅगांचा. स्वित्झर्लंड आणि रॉटरडॅम एका आठवड्यात म्हणजे निदान तीन मुक्काम, गाड्या बदलणं, फलाटावरून पाच बॅगा आणि आजींचा गुडघा. शेंगेन व्हिसासाठी (युरोपातल्या बहुतेक देशांना चालणारा एकच व्हिसा) मोठ्या माणसाला ९० युरो, ६ ते १२ वर्षांच्या मुलाला ४५ युरो, आणि धाकटी सोडून सगळ्यांना बोटांच्या ठशांसाठी मुंबईची फेरी. १२ वर्षांखालच्या मुलांना ठशांतून सूट असते. एवढ्यानं मी युरोप सोडला नसता. सोडला तो कुरणामुळे. वहिनी थोडा वेळ गप्प बसल्या आणि मग म्हणाल्या, "मग जूनमध्येच जाऊ कधीतरी." त्यांना ते पटल्याचं चेहऱ्यावर दिसलं, आणि वाईट वाटल्याचंही.

जपानचं प्रकरण जास्त अवघड होतं, कारण थोरल्यानं घरचा अभ्यास करून ठेवला होता. वेळेचा फरक फक्त साडेतीन तासांचा, गाड्या वेळेवर, मुलं रमतील असं खूप काही. आणि साकुरा, म्हणजे चेरीचा बहर! पण साकुराचीच अडचण होती. टोकियोत सरासरीनं फुलं उमलायला लागतात २४ मार्चला, पूर्ण बहर ३१ मार्चच्या आसपास. क्योटोचा पूर्ण बहर एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात. आमचे दिवस २२ ते २७. म्हणजे बहरासाठी चढलेले हॉटेलांचे दर द्यायचे आणि बहर मात्र आपण निघाल्यावर यायचा. शिवाय जपानमध्ये शाळेचं वर्ष एप्रिलमध्ये सुरू होतं, त्यामुळे मार्चच्या शेवटी तिथल्या मुलांनाही सुट्टी असते. त्यांची सुट्टी आणि आपली सुट्टी एकमेकींवर आली की गर्दी दुप्पट, आणि आखणीत हीच गोष्ट सगळ्यात कमी तपासली जाते. (२०२५ मध्ये टोकियोत उमलण्याची घोषणा २४ मार्चला झाली आणि पूर्ण बहर आला ३० मार्चला, नेमका आमच्या पाडव्याला.)

खर्चाचंही बघितलं. सात दिवसांचा जेआर पास (जपानी रेल्वेचा पास) ऑक्टोबर २०२३ मध्ये २९,६५० येनवरून ५०,००० येनवर गेला होता, त्यामुळे टोकियो-क्योटो एवढंच करायचं तर सुटी तिकिटं स्वस्त पडत होती. निर्णायक ठरलं ते आजींचं ताट. तिथं वरवर शाकाहारी दिसणाऱ्या सारात, भाजीत, रश्शात माशाच्या अर्काचा दाशी असतो. आजी वारकरी घरातल्या, एकादशी पाळणाऱ्या. त्यांना रोज शंका काढत जेवायला लावणं मला बरं वाटेना. थोरल्याला मी सांगितलं, जपान तुझ्या पायांनी बघायचा देश आहे, कॉलेजात गेल्यावर मित्रांबरोबर जा.

आफ्रिका लवकर मिटली. केनियात मार्च ते मे मोठा पाऊस, आणि प्राण्यांच्या ज्या स्थलांतरासाठी लोक मसाई माराला जातात ते साधारण जुलैनंतरचं. तिथून परतताना भारतात पीतज्वराच्या लसीचा दाखला लागतो, आणि ती लस ६० वर्षांवरच्या माणसाला देताना डॉक्टर दहादा विचार करतात. सहलीसाठी आजींना त्या धोक्यात घालायचं नव्हतं. धाकटी रडली. तिला मी पेंग्विन दाखवायचं कबूल केलं, आणि त्या क्षणी माझ्या मनात ऑस्ट्रेलियातलं मेलबर्न पक्कं होत आलं होतं हे मान्य करते.

मेलबर्न का

मार्च संपताना तिथं शरद असतो: ऊन सोसवेल असं, रात्री गार. २०२५ ची फॉर्म्युला वन शर्यत १६ मार्चला संपून हॉटेलांचे दर खाली आलेले असणार होते, आणि व्हिक्टोरिया राज्यातल्या शाळांची सुट्टी ५ एप्रिलला सुरू होणार होती. आमचे सहा दिवस बरोबर त्या दोन गर्दींच्या मधल्या फटीत पडत होते. वेळेचा फरक साडेपाच तासांचा, जपानपेक्षा जास्त, आणि प्रवासही लांबचा: मुंबईहून सिंगापूर साधारण साडेपाच तास, पुढं मेलबर्न साडेसात तास. हे मी लपवलं नाही. पण मधला थांबा आजींच्या गुडघ्याला हवाच होता. सलग बारा-तेरा तास बसण्यापेक्षा मध्ये तासभर चालता आलं तर पायांना सूज कमी येते.

स्वयंपाकघर असलेली सर्व्हिस अपार्टमेंट सहज मिळतात. डँडेनाँग या उपनगरात भारतीय दुकानांची अख्खी गल्ली आहे. तांदूळ, डाळ, बेसन मिळालं की आजींचं पिठलं-भात कुठंही शिजतं.

आणि दादांसाठी यारा खोरं. शहरापासून तासाभरावर द्राक्षाच्या बागा, त्याही मार्चमध्ये, म्हणजे काढणीच्या दिवसांत. मी हे सांगितलं तेव्हा दादा पहिल्यांदा पुढं सरकून बसले.

सिडनी, गोल्ड कोस्ट, कोरल रीफ सगळं जोडायची सूचना अर्थातच आली. रीफच्या बाजूला, केर्न्सकडे, तो पावसाळ्याचा आणि डंख करणाऱ्या जेलीफिशचा काळ. सिडनी विमानानं दीड तासावर, पण सामान, विमानतळ, नवं हॉटेल धरलं तर सहातला एक दिवस त्यातच जातो. एकच शहर, एकच घर, सात रात्री. यावर मी अडून बसले. थोरल्यानंच मला साथ दिली, कारण एमसीजी हे क्रिकेटचं मैदान मेलबर्नलाच आहे. तिकिटं काढून झाल्यावर डिसेंबरमध्ये भारताची कसोटी तिथं झाली. पहाटे पाचला उठून त्यानं नितीश कुमार रेड्डीचं शतक बघितलं आणि वहिनींना सांगितलं की आपण तिथं जाणार आहोत.

पैशांची गोष्ट

दादांनी ठरवलेली मर्यादा ९ लाखांची. एका टूर कंपनीनं सिडनी धरून ११ लाखांचं पॅकेज दिलं होतं. त्या आर्थिक वर्षात परदेशी पॅकेजवर ७ लाखांपर्यंत ५ टक्के आणि वरच्या रकमेवर २० टक्के टीसीएस (पॅकेज विकणाऱ्यानं आधीच वसूल करायचा कर) होता. ११ लाखांवर तो होतो ३५ हजार अधिक ८० हजार, म्हणजे १ लाख १५ हजार रुपये. हा पैसा बुडत नाही, रिटर्न भरून परत मिळतो. पण शेतकऱ्याच्या घरात जानेवारी म्हणजे औषध फवारणीची, मजुरीची, कागद-पेट्यांची उधारी डोक्यावर असलेला महिना, आणि निर्यातीच्या मालाचे पैसे माल पोचून विकल्यावर, पुष्कळ आठवड्यांनी. त्या वर्षी तर लाल समुद्र टाळून जहाजं केप ऑफ गुड होपला वळसा घालत होती, म्हणजे सगळंच लांबलेलं. अशा वेळी एवढी रक्कम अडकवणं म्हणजे एखाद्या प्लॉटचा खर्च अडकवणं. नोकरदार घरात मी या मुद्द्याकडे एवढं बघितलं नसतं. इथं विमान, घर, गाडी वेगवेगळी बुक केली, पॅकेज घेतलंच नाही.

व्हिसाचा खर्च मात्र आधी सांगावा लागतो, कारण तिथं मुलांना सवलत नाही. तेव्हा माणशी १९५ ऑस्ट्रेलियन डॉलर होते, धाकटीलाही तेवढेच, वर ठशांचं शुल्क. पाच जणांचे ९७५ डॉलर ऐकून वहिनींनी दोनदा हिशेब केला.

कागदपत्रांत एक गाठ निघाली. थोरल्याचा पासपोर्ट जानेवारी २०२५ मध्ये संपत होता. २०२० च्या सुरुवातीला दुबईसाठी काढलेला, मग करोना आला आणि तो कपाटातच राहिला. लहान मुलांचा पासपोर्ट ५ वर्षांचाच असतो, आणि मोठ्यांच्या १० वर्षांच्या सवयीमुळे ते लक्षात राहत नाही. नोव्हेंबरमध्ये नाशिकच्या केंद्रात नूतनीकरण, धाकटीचा नवा, आणि मग डिसेंबरमध्ये व्हिसाचा अर्ज. हा क्रम उलटा झाला असता तर मार्च हातचा गेला असता.

बुटांचा प्रश्न

आता या प्रकरणातला मला सगळ्यात जवळचा वाटलेला भाग. ऑस्ट्रेलियात उतरताना जो कागद भरायचा असतो, त्यावर विचारतात की गेल्या ३० दिवसांत तुम्ही शेतात गेला होता का. दादा तर शेतातच राहतात. बऱ्याच जणांना वाटतं की 'हो' लिहिलं की अडवतील. तसं नाही. 'हो' लिहायचं, विचारतील ते सांगायचं, बूट दाखवायचे. जाहीर केलेली वस्तू फार तर काढून घेतात; लपवलेली सापडली तर मोठा दंड होतो. मी दादांना बागेतले बूट घरीच ठेवायला लावले आणि नवे, मातीचा कण न लागलेले घ्यायला लावले. आजींच्या डब्यातले पेढे निघाल्या दिवशी शेजारी गेले, कारण भारतातले दुधाचे पदार्थ तिथं चालत नाहीत. औषधं डॉक्टरांच्या इंग्रजी चिठ्ठीसह, मूळ पाकिटात.

यामागचं कारण दादांना यारा खोऱ्यात प्रत्यक्ष दिसलं. तिथल्या बागांत २००६ मध्ये फायलोक्सेरा सापडला, वेलीच्या मुळांवर जगणारी सूक्ष्म कीड. ती बुटाच्या मातीतून एका बागेतून दुसरीत जाते. म्हणून पाहुण्यांनी वेलींच्या ओळीत शिरायचं नाही. तीस वर्षं द्राक्ष केलेला माणूस कुंपणापाशी उभा राहून बघत होता: पक्ष्यांपासून वाचवायला वेलींवर टाकलेल्या जाळ्या, कमरेएवढ्या उंचीवर राखलेले घड, आपल्यासारखा मांडव नाहीच. तिथं हिवाळ्यात वेल झोपते, पानं गाळते, म्हणून छाटणी एकदाच. आपल्याकडे वेल झोपत नाही, म्हणून दोनदा छाटून तिच्याकडून एक पीक घ्यावं लागतं. हे दादांनी थोरल्याला तिथं उभं राहून समजावलं. वहिनी मला म्हणाल्या, बापलेक इतका वेळ बागेबद्दल बोललेले त्यांनी घरी कधी पाहिले नव्हते.

काय जमलं, काय चुकलं

पेंग्विनचा शब्द पाळला गेला. फिलिप बेटावर साडेसातच्या सुमारास सूर्य मावळला आणि दीड वीत उंचीचे, किलोभर वजनाचे पेंग्विन समुद्रातून रांगेनं वर आले. फोटो काढायला बंदी असते, त्यामुळे सगळे नुसते बघत बसतात. धाकटीनं सिंहाचं नाव पुन्हा काढलं नाही. एमसीजीची फेरी, पफिंग बिली ही वाफेची गाडी, शहरातल्या फुकट ट्राम हे सगळं ठरल्यासारखं झालं. दर दोन दिवसांनी एक सकाळ मोकळी ठेवली होती. आजी तेव्हा बाल्कनीत बसून हरिपाठ म्हणायच्या.

चूक ग्रेट ओशन रोडची, आणि ती माझी. पहिल्या महायुद्धातून परतलेल्या सैनिकांनी १९१९ ते १९३२ मध्ये बांधलेला हा किनाऱ्याचा रस्ता मी एका दिवसात जाऊन-येऊन ठेवला. किनाऱ्यानं ट्वेल्व्ह अपॉसल्स या समुद्रातल्या खडकांच्या सुळक्यांपर्यंत पावणेतीनशे किलोमीटर, वळणावळणाचे, आणि तेवढंच परत. मुक्काम हलवायचा नाही या माझ्याच आग्रहापायी मी ते दामटलं. परतताना आजींचा गुडघा इतका सुजला की दुसरा दिवस घरातच गेला. वाटेतल्या अपोलो बे या गावात एक रात्र ठेवली असती, किंवा आजी आणि वहिनींना त्या दिवशी शहरात ठेवून बाकीचे गेले असते, तर ते टळलं असतं. सहातला एक दिवस मी घालवला. आजींनी एका शब्दानं बोलून दाखवलं नाही, त्यामुळे मला जास्त लागलं.

२८ ला रात्री दहाच्या सुमारास मुंबईत उतरून त्यांनी विमानतळाजवळच मुक्काम केला. रात्रीचा घाट मी आधीच नको म्हटलं होतं. २९ ला जेवायच्या वेळेला गंगापूर रोड. ३० ला सकाळी वहिनींनी फोटो पाठवला: दारात गुढी, कडुलिंबाचा डहाळा, साखरेची गाठी, आणि खुर्चीत पाय वर घेऊन बसलेल्या आजी.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात दादांची खरड छाटणी वेळेवर सुरू झाली. वहिनींचं कुरण आणि दादांचं रॉटरडॅम माझ्या वहीत एकाच पानावर लिहिलेलं आहे, समोर महिना जून, वर्ष २०२८: थोरल्याची बारावी तेव्हा झालेली असेल. आजींचं नाव त्या पानावर मी लिहिलं आहे आणि खाली एक ओळ: एका दिवसात दीडशे किलोमीटरच्या वर नाही.